घरातलं जुनं नेटवर्क आणि बंद पडलेलं नेट: सुरुवात कुठून करायची, कशाला हात लावायचा नाही

नेट बंद पडलं की बऱ्याच घरांत सगळ्यांत आधी टाचणी शोधली जाते. राऊटरच्या मागचं बारीक भोक त्या टाचणीने दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं की राऊटर कोरा होतो. ऑपरेटरने भरलेलं युजरनेम गेलं, पासवर्ड गेला, वाय-फायचं नाव गेलं. मूळ बिघाड बहुधा अर्धवट निघालेल्या तारेचा नाहीतर दमलेल्या अडॅप्टरचा असतो, तो आहे तिथेच राहतो. एका दुखण्याची दोन झाली.

ज्या घरात दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप आहे, हॉलमधून मागच्या खोलीपर्यंत खिळे मारून नेलेली लॅन केबल आहे, जुना राऊटर माळ्यावर न टाकता 'रेंज वाढवायला' लावलेला आहे, अशा घरांसाठी हे लिहितो आहे. नातेवाइकांकडे आणि शेजारी हीच कामं करताना मला त्याच चार-पाच चुका पुन्हा पुन्हा दिसतात, आणि त्यातल्या बहुतेक क्रम चुकल्याच्या असतात.

पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्यात पोचेना तर कुणी वाफ्यात उभं राहून तर्क करत बसत नाही. विहिरीवरून निघायचं, पाटाच्या कडेने चालायचं, ओल जिथे संपते तिथे वाकून बघायचं. नेटचंही तसंच. फायबरच्या डब्यापासून (बाहेरची लाइन घरात येते तो डबा) निघून ब्राउझरपर्यंत यायचं आणि मधला टप्पा गाळायचा नाही. वाटेत एका वेळी एकच बदल करायचा. फरक पडला नाही तर ती गोष्ट होती तशी परत करायची आणि मगच पुढे जायचं. तीन गोष्टी एकदम हलवल्या आणि नेट आलं, तर कशाने आलं हे कळत नाही. पुढच्या महिन्यात परत तिथेच.

## तयारी: हात लावण्याआधी

हे जवळ घेऊन बसा:

- वही-पेन. मोबाइलमधली नोंद चालेल, पण वहीवर बाण काढता येतात.
- मोबाइल डेटा चालू असलेला फोन.
- नक्की चांगली आहे असं माहीत असलेली, मीटर-दोन मीटरची लॅन केबल. हिच्याशिवाय अर्धी तपासणी अंदाजपंचे होते. नसेल तर आधी ती विकत घ्या.
- टॉर्च. राऊटर नेहमी टीव्हीच्या मागे अंधारातच असतो.
- ऑपरेटरने दिलेला युजरनेम-पासवर्ड. तो बिलावर, जुन्या मेसेजमध्ये किंवा बसवणाऱ्याने पुठ्ठ्यावर लिहून दिलेला असतो. सापडत नसेल तर आत्ताच फोन करून मागून घ्या, गरज पडेल तेव्हा नाही.

मग राऊटरच्या मागच्या बाजूचा, सगळ्या तारा जागेवर असताना, एक फोटो काढा. कुठली तार कुठल्या भोकात होती हे दहा मिनिटांनी कुणालाच आठवत नाही.

आणि हो, रिचार्ज संपलेला नाही ना ते बघा. हसू नका. मी एकदा पाऊण तास तारा तपासल्या आणि मग काकूंनी सांगितलं की काल तसा मेसेज आला होता.

## टप्पा १: बिघाड कुणाचा आहे ते ठरवा

चार प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा.

सगळ्या उपकरणांवर बंद आहे की एकाच? फोन वाय-फायवर चालतोय (मोबाइल डेटा बंद करून बघा, नाहीतर फसाल) आणि फक्त डेस्कटॉप बंद आहे, तर टप्पा २ आणि ३ सोडून सरळ चौथ्यावर जा. सगळंच बंद असेल तर पुढे वाचत राहा.

सगळ्या साइट बंद आहेत की काही? काही उघडतात, काही अडतात असं असेल तर तार ठीक आहे. टप्पा ७ आणि ८ वाचा.

पूर्ण बंद की येतं-जातं? येत-जात असेल तर केव्हा: संध्याकाळी, पाऊस पडला की, इन्व्हर्टर चालू झाला की, मिक्सर लावला की? वेळेची नोंद इथे सगळ्यांत कामाची.

बंद पडण्याआधी घरात काय हललं? रंगकाम, सोफा सरकवणं, दिवाळीची साफसफाई, एसी बसवणं. 'काहीच नाही' हे उत्तर पहिल्या फटक्यात खरं मानू नका.

## टप्पा २: वीज आणि अडॅप्टर

बंद-चालू करणं हा उपाय चांगला आहे, पण क्रमाने. सगळं एकाच बोर्डावर असतं म्हणून लोक बोर्डाचं बटण दाबतात आणि डबा, राऊटर, संगणक तिन्ही एकदम जागे होतात. राऊटर पत्ता (नेटवर्कवरचा स्वतःचा आकडा) मागतो तेव्हा डब्याची लाइनच आलेली नसते. काही जुने राऊटर दोन-तीनदा मागून गप्प बसतात.

१. तिन्ही बंद करा. एक-दोन मिनिटं थांबा.
२. फक्त फायबरचा डबा (किंवा टेलिफोन लाइनवरचा एडीएसएल मोडेम) चालू करा. दिवे स्थिर होईपर्यंत बघत राहा, साधारण दोन-तीन मिनिटं.
३. मग राऊटर. पुन्हा दोन मिनिटं.
४. शेवटी संगणक.

डबा आणि राऊटर एकच असेल तर दुसरी आणि तिसरी पायरी एकच.

आता अडॅप्टर. जुन्या राऊटरचा अडॅप्टर एकदम मरत नाही, हळूहळू दमतो. दिवे लागतात, वाय-फायचं नाव दिसतं, पण दोन फोन जोडले किंवा व्हिडिओ लावला की राऊटर स्वतःच बंद होऊन परत सुरू होतो. दिवे सगळे एकदम विझून पुन्हा लागताना दिसले तर संशय अडॅप्टरवर घ्या, नेटवाल्यावर नाही.

सावधान: बदली अडॅप्टर लावताना व्होल्ट तेवढेच हवेत. राऊटरवर ९ व्होल्ट लिहिलं असेल तर ९, १२ असेल तर १२. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नाही. पिनचा आकार बसला म्हणजे अडॅप्टर चालतो असं नाही. सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अडॅप्टर ९ व्होल्टच्या राऊटरला सहज बसतो, आणि राऊटर जातो. लेबलावर एक छोटं चित्रही असतं, मधल्या टोकाला अधिक की उणे ते सांगणारं. तेही जुळवा.

## टप्पा ३: दिवे वाचा

फायबरच्या डब्यावर दोन दिवे महत्त्वाचे: पीओएन आणि एलओएस. पीओएन स्थिर हिरवा हवा. तो लुकलुकत असेल तर डब्याची ऑपरेटरच्या यंत्राशी नोंदणी पुरी झालेली नाही. एलओएस लाल लागला किंवा लुकलुकला, तर डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही. अशा वेळी घरातल्या संगणकावर काहीही करून उपयोग नाही. फक्त एवढं बघा की पिवळी किंवा पांढरी बारीक फायबर दारात, खिडकीत चेपली तर नाही ना. बांगडीपेक्षा लहान वेटोळं पडलं असेल तर हलक्या हाताने सैल करा. दिवा तरीही लाल राहिला तर ऑपरेटरला फोन करा आणि नेमकं सांगा: 'एलओएस लाल आहे.' 'नेट चालत नाही' म्हणालात तर तिकडून तुम्हाला राऊटर बंद-चालू करायला सांगतील.

सावधान: फायबरचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका. आतला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण असतो. टोकाला बोटही लावू नका. बोटाचा तेलकट डागसुद्धा सिग्नल खातो.

अजून तांब्याच्या टेलिफोन लाइनवर नेट असेल तर तपासणी वेगळी. मोडेमवरचा डीएसएल दिवा स्थिर हवा. तो लुकलुकत राहिला तर रिसीव्हर उचलून कानाला लावा. डायल टोनमागे खरखर ऐकू आली तर लाइन ओली आहे किंवा जोड गंजलाय. जून-जुलैत हे ठरलेलं. खरखर नसेल तर स्प्लिटर (फोन आणि नेट वेगळं करणारी छोटी डबी) बघा. त्यावर तीन भोकं असतात, एक भिंतीतून येणाऱ्या लाइनचं, एक फोनचं, एक मोडेमचं. फोन आणि मोडेमच्या तारांची अदलाबदल ही नेहमीची चूक. दुसऱ्या खोलीत स्प्लिटरशिवाय जोडलेला समांतर फोन ही त्याहून मोठी, कारण तो बहुतेकांच्या लक्षातच नसतो. सगळे फोन काढा, फक्त मोडेम थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. दिवा स्थिर झाला तर गुन्हेगार घरातच आहे.

तपासा: डब्याचे दिवे ठीक आहेत? तर इथपर्यंत पाट कोरडा नाही. पुढे चला.

## टप्पा ४: लॅन केबल

जुन्या घरांतला सगळ्यांत जास्त वेळ मी इथे घालवला आहे, तुम्हीही घालवा.

आधी राऊटरच्या मागे बघा. संगणकाची तार ज्या भोकात आहे तिथला दिवा लागतो का? संगणकाच्या मागच्या लॅन पोर्टवरही बहुधा छोटा दिवा असतो. दोन्हीकडे अंधार असेल तर तार, पोर्ट किंवा लॅन कार्ड, या तिघांपैकी एक गेलंय.

१. तार दोन्ही टोकांना काढून परत दाबून लावा. 'टक्' असा आवाज यायला हवा. जुन्या जॅकची प्लास्टिकची क्लिप मोडलेली असते. मग जॅक आत बसतो, पण झाडू लागला तरी अर्धा मिलिमीटर बाहेर येतो. चिकटपट्टीने भागवू नका, जॅक बदलून घ्या.
२. राऊटरवरचं भोक बदला. विजांच्या पावसात एखादंच पोर्ट जळतं, बाकीची चालतात.
३. तरीही अंधार असेल तर संगणक उचलून राऊटरजवळ न्या आणि आपल्या चांगल्या छोट्या केबलने जोडा. जड काम आहे, म्हणून सगळे टाळतात आणि सगळे इथेच अडकतात. छोट्या केबलने चाललं तर दोष भिंतीवरच्या लांब केबलमध्ये. नाही चाललं तर त्याच केबलवर कुणाचा तरी लॅपटॉप लावून बघा. तो चालला तर डेस्कटॉपचं लॅन कार्ड.

लांब केबल दोषी ठरली तर लगेच नवी ओढू नका. पन्नास टक्के वेळा दोष जॅकमध्ये असतो असं मी म्हणणार नाही, मोजलेलं नाही. पण जॅक बदलणं स्वस्त आहे, म्हणून ते आधी. क्रिम्पिंगची (जॅक तारेवर दाबून बसवायची) पक्कड असणारा कुणीही पाच मिनिटांत करून देतो. रंगांचा नेहमीचा क्रम असा, क्लिप खाली आणि पिना वर धरून डावीकडून: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. 'हिरव्याशेजारी हिरवी' असं सोयीचं लावणारे भेटतात. जवळच्या अंतरात ते चालतंही, पण वीस-पंचवीस मीटरवर नेट रडत रडत येतं, कारण पीळ दिलेल्या जोड्या मोडतात.

केबल नवीन लॅपटॉपला चालत नाही आणि जुन्या डेस्कटॉपला चालते, असा उलटा प्रकारही दिसतो. जुनं १०/१०० (सेकंदाला १०० मेगाबिटपर्यंत चालणारं) लॅन कार्ड आठांपैकी चारच तारा वापरतं: १, २, ३ आणि ६. गिगाबिटला (त्याच्या दहापट वेगाला) आठही लागतात. उंदराने निळी किंवा तपकिरी तार कुरतडली असेल तर डेस्कटॉपला काही फरकच पडत नाही. नवा लॅपटॉप मात्र जोडतच नाही किंवा १०० वर उतरतो. एका वाड्यात तर एकाच केबलच्या चार-चार तारा वाटून दोन बिऱ्हाडांना नेट दिलेलं सापडलं होतं. वरच्या मजल्यावर राऊटर बदलला आणि दोन्ही घरं भांडायला उठली.

तपासा: दोन्ही टोकांचे दिवे लागले? आता तारा जागेवर ठेवा आणि खुर्चीवर बसा.

## टप्पा ५: संगणकाला पत्ता मिळालाय का

इथून पुढच्या आज्ञा मी देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या.

विंडोजची कळ आणि 'आर' एकत्र दाबा, 'सीएमडी' टाइप करून एंटर. काळी खिडकी उघडेल. त्यात 'आयपीकॉन्फिग' टाइप करा. बऱ्याच ओळी येतील. 'आयपीव्ही४ ॲड्रेस' (संगणकाचा पत्ता) आणि 'डिफॉल्ट गेटवे' (राऊटरचा पत्ता) या दोनच हव्यात. त्या वहीत उतरवा.

पत्ता १९२.१६८ ने सुरू होतो आणि गेटवेसमोर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असं काही आहे, तर उत्तम. काही डब्यांत १० ने सुरू होणारा पत्ताही असतो, तोही चालतो.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाने पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक ठेवून घेतला. याचा अर्थ नेट नाही असा नसून राऊटरशीच बोलणं झालेलं नाही असा आहे. 'आयपीकॉन्फिग /रिलीज', मग 'आयपीकॉन्फिग /रिन्यू' करून बघा. तरी तेच आलं तर चौथ्या टप्प्यावर परत.

पत्ता आहे, पण गेटवेपेक्षा वेगळ्याच कुळातला, उदाहरणार्थ पत्ता १९२.१६८.०.५ आणि राऊटर मात्र १९२.१६८.१.१, तर कुणीतरी कधीतरी तो हाताने भरून ठेवलाय. दहा वर्षांपूर्वी केबलचं नेट देणारे असं सर्रास करायचे. 'एनसीपीए.सीपीएल' चालवा, लॅनच्या चित्रावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, आयपीव्ही४, पुन्हा प्रॉपर्टीज. तिथे भरलेले आकडे वहीत लिहून घ्या आणि मगच 'आपोआप पत्ता घ्या' या अर्थाचे दोन्ही पर्याय निवडा.

### रेंज वाढवायला लावलेला जुना राऊटर

मावसभावाकडे नेट दिवसाआड बंद व्हायचं. दोनदा डबा बदलून झाला. खरी गोष्ट एवढीच होती की जुना राऊटर मागच्या खोलीत जोडलेला, आणि दोन्ही राऊटर पत्ते वाटत होते. दोघांचाही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१. एका घरात दोन वाढपी, आणि दोघं एकाच नावाला ओ देणारे. ज्या उपकरणाला जुन्याने वाढलं त्याचं नेट बंद.

जुना राऊटर असा लावायचा, आणि याच क्रमाने:

१. त्याला मुख्य नेटवर्कपासून तोडा. फक्त एका संगणकाला जोडा.
२. ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाइप करून त्याच्या सेटिंगमध्ये जा आणि लॅनचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (मुख्य राऊटर १९२.१६८.१.१ असेल तर). राऊटर परत सुरू होईल. नव्या पत्त्यावर पुन्हा आत जा.
३. मग डीएचसीपी सर्व्हर (पत्ते वाटणारी सोय) बंद करा. उलट क्रमाने केलंत, आधी डीएचसीपी बंद, तर संगणकाला पत्ता मिळणार नाही आणि आत जायला संगणकाला हाताने पत्ता भरावा लागेल.
४. मुख्य राऊटरकडून येणारी तार जुन्याच्या लॅन भोकात लावा. वॅनचं (बाहेरून येणाऱ्या नेटचं) भोक, बहुधा वेगळ्या रंगाचं, रिकामं ठेवा.

तपासा: मागच्या खोलीतल्या संगणकावर 'आयपीकॉन्फिग' केल्यावर गेटवे १९२.१६८.१.१ दिसतो का? दिसला तर जमलं.

## टप्पा ६: तीन पिंग

पिंग म्हणजे दुसऱ्या यंत्राला हाक मारून उत्तर येतं का ते बघणं. काळ्या खिडकीत, याच क्रमाने:

१. 'पिंग' आणि तुमचा गेटवे, म्हणजे उदाहरणार्थ 'पिंग १९२.१६८.१.१'
२. 'पिंग ८.८.८.८' (हा घराबाहेरचा, गूगलचा पत्ता)
३. 'पिंग गूगल.कॉम'

पहिला चालला नाही तर दोष घरात, संगणक आणि राऊटरच्या मधे. पहिला चालला, दुसरा नाही, तर दोष राऊटरच्या पलीकडे: लाइन, रिचार्ज किंवा राऊटरमधलं लॉगिन. पहिले दोन चालले, तिसरा नाही, तर नेट चालू आहे, फक्त नावावरून पत्ता शोधणारी सोय, म्हणजे डीएनएस, बंद आहे.

यात एक फसवी जागा आहे. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असं उत्तर आलं तर खालच्या हिशेबात विंडोज ते 'मिळालेलं उत्तर' म्हणून मोजू शकतं आणि तोटा शून्य टक्के दाखवतं. म्हणून खालचा हिशेब नंतर, आधी वरच्या चार ओळी वाचा.

नेट येतं-जातं असेल तर चार पिंग पुरत नाहीत. 'पिंग -एन ५० १९२.१६८.१.१' चालवा. तारेने जोडलेल्या संगणकाला एकही उत्तर हरवायला नको आणि वेळ एखाद्या मिलिसेकंदाच्या आसपास हवा. पन्नासात तीन-चार हरवले तर तार किंवा जॅक, परत चौथा टप्पा. इथे सगळं स्वच्छ आणि ८.८.८.८ ला मात्र हरवतायत, तर वेळ लिहून ठेवा, ऑपरेटरला सांगायला लागेल.

## टप्पा ७: नाव सापडत नाही

तिसरा पिंग अडला असेल तर आधी 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस'. नाही जमलं तर पाचव्या टप्प्यातल्या त्याच खिडकीत डीएनएससमोर ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा. पत्ता आपोआपच राहू द्या, फक्त डीएनएस हाताने. लोक दोन्ही हाताने भरून टाकतात आणि चार महिन्यांनी राऊटर बदलला की परत अडकतात.

काही साइट उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात, तर राऊटरच्या वॅन सेटिंगमधला एमटीयू (एका वेळी जाणाऱ्या तुकड्याचा जास्तीत जास्त आकार) बघा. पीपीपीओई लॉगिन (राऊटरमध्ये युजरनेम-पासवर्ड भरून होणारी जोडणी) असेल तर तो १४९२ हवा. कुणी तिथे १५०० भरलं असेल तर अशीच अर्धवट लक्षणं दिसतात.

## टप्पा ८: पिंग चालतो, साइट उघडत नाही

जुन्या संगणकाचा हा खास आजार आहे, आणि इथे लोक नेटवाल्याला उगाच शिव्या घालतात.

घड्याळ. उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा, फक्त वेळ नाही, सालही. मदरबोर्डवरचा बटण-सेल संपला की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र (साइट खरी असल्याचा दाखला) ठरावीक तारखांपुरतंच चालतं. संगणकाला २००९ साल वाटत असेल तर आजचं प्रत्येक प्रमाणपत्र त्याला खोटं वाटणार. तारीख नीट करा, ब्राउझर बंद करून उघडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे गेली तर सीआर-२०३२ सेल बदला. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बदलताना संगणकाची वायर भिंतीतून काढलेली हवी, नुसतं बंद करून चालत नाही.

प्रॉक्सी, म्हणजे नेटच्या वाटेतला मध्यस्थ संगणक. ऑफिसातून आणलेला किंवा सेकंडहँड संगणक असेल तर 'आयनेटसीपीएल.सीपीएल' चालवा, कनेक्शन्स, लॅन सेटिंग. प्रॉक्सीच्या चौकटीत टिकमार्क असेल तर काढा.

जुनं सॉफ्टवेअर. विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. क्रोमची १०९ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती, फायरफॉक्सची ११५ ईएसआर. ३० सप्टेंबर २०२१ ला एक बहुवापरातलं मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या भरवशावर बाकी साइटची प्रमाणपत्रं खरी मानली जातात ते) संपलं आणि ज्या जुन्या यंत्रांत त्याच्या जागचं नवं पोचलेलं नव्हतं, तिथे असंख्य साइट एका रात्रीत 'असुरक्षित' झाल्या. तार तीच, स्पीड तोच. विंडोज ७ वर फायरफॉक्सची ती शेवटची आवृत्ती टाकून बघा. फायरफॉक्स स्वतःची प्रमाणपत्रं सोबत आणतो, म्हणून क्रोम अडतं तिथे तो बऱ्याचदा चालतो.

सावधान: प्रमाणपत्राची तक्रार आली की 'तरीही पुढे जा' दाबायची सवय लावून घेऊ नका. आणि एक्सपी किंवा ७ वरून बँकेचं काम नको, साइट उघडली तरी.

## टप्पा ९: वाय-फाय

वाय-फाय मी मुद्दाम इतकं मागे ठेवलं आहे. तारेवर सगळं ठीक असल्याशिवाय त्याच्या नादी लागायचं नाही.

जुन्या लॅपटॉपला आणि यूएसबी डोंगलला बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. नव्या राऊटरवर दोन्ही पट्ट्यांना (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) एकच नाव दिलेलं असतं. २.४ ला वेगळं नाव द्या. सुरक्षा (पासवर्ड तपासायची पद्धत) डब्ल्यूपीए३ वर असेल तर २.४ साठी डब्ल्यूपीए२-एईएस करा. चॅनल 'ऑटो' ऐवजी १, ६ किंवा ११. राऊटरने स्वतःच १२ किंवा १३ निवडला तर अमेरिकेहून भाच्याने आणलेल्या लॅपटॉपला तुमचं वाय-फाय दिसणारच नाही, कारण तिकडची कार्डं बहुधा ११ पर्यंतच ऐकतात. दगडी वाड्याच्या भिंतीपुढे सेटिंगचं काही चालत नाही. तिथे केबलच.

## टप्पा १०: रीसेट, आणि ऑपरेटरला फोन

आता टाचणी. तीही एवढं वहीत असेल तरच: जोडणीचा प्रकार (पीपीपीओई की आपोआप), युजरनेम, पासवर्ड, व्हीएलएएन क्रमांक (ऑपरेटरने लाइनला दिलेला) असेल तर तो, वाय-फायचं नाव. सेटिंगच्या पानांचे मोबाइलने फोटो काढा. फायबरचा डबा ऑपरेटरचा असेल तर तो रीसेट करूच नका. त्यातली काही माहिती तुम्हाला परत भरता येत नाही.

राऊटर बदलून नवा आणला, सगळं बरोबर भरलं, दिवे ठीक, तरी नेट नाही? काही ऑपरेटर जुन्या राऊटरचा मॅक पत्ता (यंत्राला कारखान्यातच मिळालेला क्रमांक) नोंदवून ठेवतात आणि दुसऱ्याला दार उघडत नाहीत. फोन करून 'मॅक रीसेट करा' एवढंच सांगा.

बाकी कशासाठीही फोन करताना वही समोर ठेवा आणि असं सांगा: 'डब्याचा पीओएन हिरवा आहे. राऊटरपर्यंत पन्नास पिंग पूर्ण येतात. ८.८.८.८ ला पन्नासात आठ हरवतात, रात्री ८ ते १० मध्ये. तार बदलून बघितली आहे.' समोरचा 'राऊटर बंद-चालू करा' म्हणाला तर तेही केल्याचं आणि कुठल्या क्रमाने केल्याचं सांगा. माणूस येतो म्हणाला तर त्याला डब्यावरची प्रकाशाची पातळी मोजायला सांगा आणि आकडा लिहून घ्या. तो साधारण उणे २७ डीबीएमच्या (प्रकाश मोजायचं एकक) खाली, म्हणजे उणे २८, उणे ३० असा, असेल तर घरात काही करण्यासारखं नाही, बाहेरचा जोड त्यांनाच नीट करावा लागेल.

तो माणूस गेला की राऊटरच्या मागचा नवा फोटो काढा, आणि त्याने काय बदललं ते तारखेसकट वहीत लिहा. राऊटरच्या पोटावर एक कागद चिकटवा: राऊटरचा पत्ता, ऑपरेटरचा नंबर. पासवर्ड मात्र तिथे नको, तो वहीत.